न मागितलेले साहाय्य

एका मातेचे पत्र आम्हांस आले आहे. सुटीत वसतिगृहातून घरी आलेले तिचे दोघे पुत्र शेजारच्या मुलांसह 'डिप्लोमसी' नावाचा पटावरील खेळ खेळले, आणि त्या रात्रीपासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. खेळात दिलेला शब्द मोडणे हे पाप आहे काय, असे ती विचारते.

हा खेळ अॅलन कॅलहॅमर या अमेरिकन गृहस्थांनी 1954 मध्ये सिद्ध केला आणि प्रकाशक मिळेना म्हणून 1959 मध्ये स्वतःच त्याच्या 500 प्रती काढल्या. (पुढे हे गृहस्थ टपाल वाटण्याची नोकरी करीत. लोकांची पत्रे त्यांनी इमानाने पोचविली असावीत!) पटावर 1901 सालचे युरोप असते, खेळाडू सात, राष्ट्रे सात. फासे नाहीत. प्रत्येक फेरीपूर्वी खेळाडू दोघेदोघे बाजूस जाऊन मसलत करतात. मग जो तो आपल्या सैन्यास द्यावयाच्या आज्ञा गुप्तपणे कागदावर लिहितो आणि सर्व कागद एकदम वाचले जातात. सर्व सैन्यांचे बळ सारखेच, म्हणून साहाय्यावाचून कोणी कोणास हटवू शकत नाही. तोंडाने काहीही कबूल केलेले असो, कागदावर असेल तेवढेच खरे.

कबूल केलेले साहाय्य न लिहिणे ही साधी लबाडी. मुद्दाम चुकीचा प्रांत लिहून मागाहून "हात चुकला" म्हणणे ही त्याहून पुढची. तथापि सर्वांत चतुर युक्ती निराळीच आहे. ऑस्ट्रिया कधी कधी सर्बियातील व व्हिएन्नातील आपली दोन्ही सैन्ये बुडापेस्टकडे धाडतो. बळ समान असल्यामुळे दोन्ही जागच्या जागी राहतात आणि तिन्ही प्रांत राखले जातात. अशा वेळी रशिया गॅलिशियातून सर्बियाच्या सैन्यास न मागता साहाय्य देतो. ते सैन्य बुडापेस्टात शिरते, सर्बिया ओस पडतो, आणि बल्गेरियात टपून बसलेला तुर्क तेथे आरामात प्रवेश करतो. रशियाने तर केवळ मदतच केली!

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, युद्धात दबा धरणे योग्य काय, या प्रश्नाचा विचार केला आहे. खोटे बोलणे वा वचन मोडणे शत्रूशीही अयोग्य. मात्र आपला बेत त्यास सांगितलाच पाहिजे असे नाही, असा त्यांचा निर्णय. या मापाने रशिया निर्दोष ठरतो, कारण तो एक शब्दही खोटा बोलला नाही. थट्टेतील असत्यासही संत थॉमस पापच म्हणतात, जरी हलके. आम्हांस मात्र वाटते की, येथे शब्द बांधील नाही हे जाणूनच सातही जण पटाशी बसलेले असतात, तेव्हा तेथील बोलणे नाटकातील पात्राच्या भाषणासारखे धरावे.

परंतु पत्रात पुढे एक ओळ आहे. थोरल्याकडे इटली होता, धाकट्याकडे ऑस्ट्रिया. टायरोलमधील सैन्याने व्हिएन्ना राखण्यास साहाय्य करीन, असे थोरल्याने "आईची शपथ" घेऊन सांगितले आणि कागदावर गॅलिशियातून चालून येणाऱ्या रशियास साहाय्य लिहिले. व्हिएन्ना पडले. भगिनी, त्या पटावर सात राष्ट्रे आहेत. त्यांत आपण नाही. आपल्या नावाने घेतलेली शपथ खेळाबाहेरची होती, आणि धाकट्याने ती खेळाबाहेरचीच म्हणून खरी मानली. तिच्याबद्दल थोरल्याने त्याची क्षमा मागावी, आणि पुढच्या पापनिवेदनाच्या वेळी फादरांनाही सांगावे. व्हिएन्नाबद्दल मात्र काही मागण्याचे कारण नाही.