जनसुनावणीचा मान राखा

विजेचे दर ठरविण्याचा अधिकार वीज मंडळ व सरकार यांच्याकडून काढून १९९९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे सोपविण्यात आला. त्यामागील तत्त्व साधे होते: ज्याला बिल भरावयाचे आहे, त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून दर ठरू नयेत. २००३ च्या वीज कायद्याने या तत्त्वाला बळकटी दिली. महावितरणच्या दरप्रस्तावावरील सुनावणी अमरावतीसही होते, ती त्यामुळेच.

या सुनावणीचे सामर्थ्य २००० सालच्या पहिल्याच दरनिश्चितीत दिसले. गळतीचा मोठा भाग शेतीच्या वापरात दडविला जात होता, हे तेव्हा चव्हाट्यावर आले. वीज गळत होती तारांतून आणि चोरीतून. बदनाम होत होता तो शेतकरी!

२८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दरकपातीचा आदेश दिला. महावितरणच्या अर्जावरून २ एप्रिललाच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला बदललेला आदेश आला. मात्र त्यापूर्वी नव्याने जनसुनावणी झाली नाही. वाद पुढे न्यायालयात गेला. कंपनीची हरकत ऐकावयास आयोगाला वेळ असतो, मग ग्राहकाची ऐकावयास का नसावा?

वऱ्हाडच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही. अकोला जिल्ह्यातील पारसची चिमणी अहोरात्र धुमसते. त्या राखेचे धनी भोवतालची गावे. वरूड-मोर्शीच्या संत्राबागेतील पंप आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील पंप सारखेच तास चालत नाहीत. तरीही मीटर नसलेल्या पंपाचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने मांडला जातो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, म्हणून हा हिशेब निरर्थक ठरत नाही. उलट ते अनुदान जनतेच्या तिजोरीतून जात असल्याने प्रत्येक युनिटचा पुरावा मागणे अधिकच आवश्यक ठरते.

दरांचा फेरविचार जनसुनावणीवाचून होऊ नये आणि फीडरनिहाय वापराचे व गळतीचे आकडे मराठीत प्रसिद्ध व्हावेत, अशी मागणी केली पाहिजे. तथापि आयोगावर केवळ टीका करून कार्यकर्त्यांचे कर्तव्य संपत नाही. अमरावतीच्या सुनावणीतील खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर तेथे कंपनीचेच वकील बोलतील. तालुक्यातालुक्यातून लेखी हरकती गेल्या पाहिजेत. लोकांच्या जागरूकतेवाचून कोणताही नियामक फार काळ लोकांचा राहत नाही.