सुट्टीला कुणाकडे जायचं?



जयंतीच्या निळ्या पताका गल्लीतून उतरलेल्या नसतात तोच पोरांच्या परीक्षा आटोपतात आणि घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : आता दीड महिना या पोरांचं करायचं काय? ज्यांची आजी गावाला आहे ती पोरं एस.टी.त बसून मोकळी होतात. पण आपल्या वस्त्यांतून आता अशीही पुष्कळ घरं आहेत की ज्यांचं गावचं घर पडलं, म्हातारी माणसं गेली. नवरा कारखान्यात नाहीतर रिक्षावर, बाई धुण्याभांड्याला. दुपारी पत्रा तापतो आणि आत तीन पोरं एका मोबाइलवर डोकी घालून बसलेली. बाहेरून कडी घालून कामाला जाणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. एवढंच सांगते, कडी घालू नका. आग लागली तर पोरं आतच राहतील. शेजारणीला सांगून जा, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी तिची पोरं तुम्ही सांभाळा.

पण दीड महिन्यातले दोन दिवस तरी पोरांना घराबाहेर काढा, यासाठी आजचा हा लेख आहे. सहल म्हटली की खासगी बस, हॉटेल, महाबळेश्वर असं आपल्या मनानं घेतलंय. मग ‘आपल्याला कुठलं परवडतंय’ म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा ओळखीची दोन घरं एकत्र या आणि दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीकडे किंवा नवऱ्याच्या दोस्ताकडे एक रात्र मुक्काम करा. एक रात्र पुरते.

मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या भगिनींसाठी एक वाट सांगते. सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला उतरायचं आणि पुण्याकडे जाणारी लोकल धरायची. पुढचंच स्टेशन मळवली. तिथून भाजे गाव पायी जाण्यासारखं आहे आणि वर पायऱ्या आहेत. उन्हं तापायच्या आत वर पोचलात तर पोरं कुरकुरत नाहीत. लेणी सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीची. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही. रेल्वेतही पाच वर्षांखाली फुकट आणि बारापर्यंत अर्धं तिकीट. मात्र लांबच्या गाडीत मुलासाठी वेगळा बर्थ मागितला तर २०१६ सालापासून पूर्ण भाडं पडतं, ते लक्षात ठेवा.

भाज्याला पोरांना काय दाखवायचं? नुसतं ‘हे बघा, किती जुनं’ म्हटलं की ती जांभया देतात. भिक्खूंच्या खोल्या दाखवा, खोलीतला दगडी ओटा दाखवा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू फिरत नसत, एका जागी राहत, ते अशा ठिकाणी. खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं दाखवा. एका ठिकाणी चौदा स्तूप आहेत, ते मोजायला लावा. समोरच्या डोंगरात कार्ल्याचं चैत्यगृह. दोन्ही एका दिवसात लहान पोरांना झेपत नाहीत, कार्ले दुसऱ्या खेपेला ठेवा. पण गेलात तर सांगा की तिथल्या शिलालेखांत राजेरजवाड्यांबरोबर एका सुताराचं आणि एका गंध विकणाऱ्याचंही दान कोरलेलं आहे. आपला बाप सुतारकाम करतो हे वर्गात सांगायला लाजणाऱ्या पोराला हे ऐकवावं.

लेण्यात रात्री राहायला परवानगी नसते, तसा हट्ट करू नये. दुपारी परत लोकल धरून देहूरोडला जायचं. दुपारच्या लोकल कमी असतात, वेळ आधीच विचारून ठेवा. देहूरोडला आपली जुनी वस्ती आहे आणि तिथलं विहारही पोरांनी पाहण्यासारखं आहे. त्या जागी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. कुणाची बहीण, कुणाचा कारखान्यातला सोबती तिथं निघतोच.

आता मुक्कामाचं. एका खोलीच्या घरात आठ पाहुणे आले की त्या घरच्या बाईचे हाल होतात. म्हणून तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर आपली न्यायची. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. आणि स्वयंपाक, पाणी भरणं, भांडी हे त्या दिवशी पुरुषांनी करायचं. हे वाचून काही बंधू हसतील. हसू द्या. कंपनीच्या सहलीला हेच बंधू मटण शिजवतात आणि चांगलं शिजवतात. पोरं सुट्टीवर, बाप सुट्टीवर आणि आई मात्र दुसरीच्या चुलीपुढे, असं असेल तर ती सहल बाईनं घरी राहूनच केलेली बरी.

रात्री पोरांना अंगणात नाहीतर गच्चीवर झोपवा. तंबू विकत आणायची गरज नाही. चार काठ्या रोवून मच्छरदाणी बांधली की पोरांच्या लेखी तोच तंबू. त्यांना दिवसभराच्या लेण्यापेक्षा ही रात्र जास्त आठवते, असं माझं मत आहे. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, चपला-कपडे घालण्यापूर्वी झटका. उन्हाळ्यात विंचू बाहेर पडतात आणि लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले कितीतरी जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आहे, पण तो दवाखान्यात आहे. विंचू चावल्यावर पोराला दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मंत्र-तोडग्यात एक मिनिटही घालवू नका. उन्हानं जुलाब-उलट्या झाल्या तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजत राहा. साखरमीठ पिशवीत असू द्या.

आणखी एक. जाण्यापूर्वी कळवा, आणि कळलं की नाही याची खात्री करा. ही साधी गोष्ट वाटते, पण बाबासाहेबांच्या लहानपणची अशाच एका सुट्टीची हकीकत आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत ती त्यांनी लिहून ठेवली आहे. साल १९०१. छोटा भीमराव दहा वर्षांचा. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावला, पोरं साताऱ्याला. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत या म्हणून बोलावलं. नवे सदरे, नवे जोडे, झगमगीत टोप्या घालून पोरं निघाली. बरोबर मोठं माणूस नाही. मसूर स्टेशनात उतरली तर न्यायला कोणी आलेलं नाही, कारण येत असल्याचं पत्र नोकरानं वडिलांना दिलंच नव्हतं. जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, असं ठरलं. डब्यात खाणं भरपूर होतं, पण वाटेत कोणी पाणी दिलं नाही, म्हणून पोरं ती रात्र उपाशी निजली.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांवरच्या मुलांना जरूर सांगा. अगदी लहानांना रात्री झोपताना नको, ती घाबरतात.

ही हकीकत लिहायला कारण झालं ते एका भगिनीचं पत्र. तिचा मुलगा सहावीत आहे. त्याच्या वर्गातल्या जिवलग मित्रानं त्याला आठ दिवस आपल्या गावी बोलावलं आहे. मित्र दुसऱ्या समाजाचा. पोरगा नाचतो आहे. आई विचारते, ‘ताई, पाठवू का? गावात आडनाव विचारलं आणि पाण्याचा पेला वेगळा दिला तर माझं लेकरू काय करील?’

बाई, तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण नाही म्हणालीस तर पोरगा कारण विचारणार, आणि ते कारण तुला सांगावं लागणार. म्हणून आठ दिवस नको, दोन दिवस पाठव. आधी त्या मुलाच्या आईशी फोनवर बोल आणि आपण कोण आहोत ते स्वच्छ सांग. चोरून पाठवू नकोस. तिच्या बोलण्यावरून तुला पुष्कळ कळेल. पोहोचवायला मुलाच्या बापाला जाऊ दे, त्यानं तिथं चहा घ्यावा, तासभर बसावं. मन घट्ट होत नसेल तर पोराला सोबत घेऊन संध्याकाळी परत यावं. आणि शाळा उघडायच्या आत त्या मित्रालाही दोन दिवस तुझ्याकडे राहायला बोलाव. त्याच्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस, घरात जे शिजेल तेच पोटभर वाढ.