गुणांचे मोजमाप

मराठीत ‘गुण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. गणिताच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने मांडलेला आकडा हाही गुण, आणि आजारी आजीच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या नातीच्या अंगचा जिव्हाळा हाही गुणच. पहिला मोजणे सोपे असते. दुसरा मोजता येईल काय?

तसा प्रयत्न झालेला आहे. क्रिस्टोफर पीटरसन व मार्टिन सेलिग्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली एका जाडजूड ग्रंथात माणसाचे २४ स्वभावगुण मांडले. धैर्य, दया, कृतज्ञता, चिकाटी, विनय यांच्या पंक्तीला त्यांनी विनोदबुद्धीलाही बसविले, हे विशेष! पुढे १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी अशा गुणांची प्रश्नावली तयार झाली. तिच्यातील प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे मुलाने स्वतःच ठरवावयाचे असते. तेथे कोणी उत्तीर्ण होत नाही की अनुत्तीर्ण. आपले कोणते गुण ठळक आणि कोणते त्यांच्या मागे, एवढाच क्रम हाती येतो.

परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलाला ‘तुझ्या अंगी चिकाटी आहे’ असे पुष्कळदा कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्यासाठी हा कागद मोलाचा आहे.

परंतु येथे तराजू मुलाच्याच हाती असतो, हे विसरून चालणार नाही. खरा विनयशील मुलगा आपल्या विनयाचे माप कमीच भरील, आणि बढाईखोर मात्र स्वतःला विनयाचा पुतळा ठरवील! म्हणून दोघांचे आकडे शेजारी मांडून ‘हा चांगला, तो उणा’ असा निवाडा करणे अन्यायाचे आहे. शाळाप्रवेशासाठी किंवा पारितोषिकासाठी तर अशी प्रश्नावली मुळीच वापरू नये. बक्षीस समोर दिसताच सारेच शूर आणि दयाळू होतील.

बुद्धिमापनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी रचली, ती शाळेत अधिक मदतीची गरज असलेली मुले ओळखता यावीत म्हणून. बुद्धी कधीच वाढत नाही, या मताला त्यांनी १९०९ साली कडाडून विरोध केला. तरीही त्यांच्या मागून कित्येकांनी तोच आकडा मुलांच्या कपाळी शिक्क्यासारखा मारला. स्वभावाच्या बाबतीत असा शिक्का अधिकच घातक होय. बाराव्या वर्षी भित्रा ठरलेला मुलगा पंधराव्या वर्षी दुबळ्या सोबत्याची बाजू घेऊन उभा राहणार नाही, हे कोणत्या प्रश्नावलीने सांगावे?

तेव्हा असा कागद मुलाच्याच दप्तरात असावा. त्यावर तारीख घालावी आणि वर्षभराने त्याच प्रश्नांची उत्तरे पुन्हा लिहावीत. दोन कागदांतील फरक प्रथम त्याचा त्यालाच वाचू द्यावा.