नवापूरच्या खाजणात कीटक कशाला मोजायचे?

कीटक आणि वनस्पतींच्या विविधतेचा अभ्यास म्हटला की महाराष्ट्रात सगळ्यांची नजर सह्याद्रीकडे वळते. कास, आंबोली, भीमाशंकर ही नावे लगेच आठवतात. बोईसर-तारापूर पट्ट्यातले नवापूर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. पालघर तालुक्यातले हे किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. खाडीच्या कडेने तिवरांची झाडी, त्यामागे खाजणे आणि भातखाचरे, अधूनमधून शिंदी-ताडाच्या रांगा आणि किनाऱ्याला सुरूची लागवड. उत्तरेला १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र, पूर्वेला तारापूरची औद्योगिक वसाहत. या वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने नवापूरच्याच समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ९३.६९ गुणांसह तारापूरचा क्रमांक पहिला लागला.

अशा जागेविषयी दोन मते ऐकू येतात आणि ती परस्परविरुद्ध आहेत. एक मत असे, की ही जमीन हातची गेलीच आहे. तिथे संशोधनाचा वेळ आणि पैसा घालवण्यापेक्षा तो शिल्लक जंगलांवर खर्च करावा. दुसरे मत असे, की कारखान्यांच्या शेजारीही फुलपाखरे, चतुर, नाकतोडे मुबलक दिसतात. जातींची यादी बरीच लांब होते. म्हणजे निसर्गाचे काही बिघडलेले नाही. पहिले मत अभ्यासकांच्या तोंडी असते, दुसरे प्रकल्पांच्या कागदपत्रांत डोकावते. दोन्ही चुकतात आणि चुकतात ती एकाच ठिकाणी: कोणता जीव कशावर जगतो, हे दोन्ही विचारत नाहीत.

पहिल्या मताला इतिहासाचाच आधार नाही. या प्रांतातल्या कीटक-निरीक्षणाचा पाया घालणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे नाव अग्रभागी येते. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक. नोकरी मात्र जकात आणि मीठ खात्यातली. उरणसारख्या मिठागरांच्या गावी त्यांची वर्षे गेली. मिठागर म्हणजे माणसाने बांध घालून पुरती बदलून टाकलेली जमीन. तिथे नोकरी करणाऱ्या माणसाने आपल्या बंगल्याभोवतीच्या किड्या-मुंग्यांकडे तुच्छतेने पाहिले असते, तर या परंपरेचे बरेच काही हुकले असते. पुढे कारवार भागात वनाधिकारी असलेल्या टी. आर. बेल यांनी सुरवंट पाळून, कोणता सुरवंट कोणत्या झाडावर वाढतो याच्या नोंदी वर्षानुवर्षे केल्या. फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्यातला मोठा भाग त्या चिकाटीतून आलेला आहे.

शिवाय उष्ण कटिबंधात आता ‘बिघडलेली’ जमीन हा अपवाद राहिलेला नाही. शेत, गायरान, पडीक माळ, रस्त्याची कड, वसाहतीमागचा नाला यांनीच बहुतेक भूभाग व्यापला आहे. तो वगळून केलेली विविधतेची गणना म्हणजे शिरगणतीत फक्त वाडे मोजून चाळी सोडून देण्यासारखे आहे. आणि या जमिनीत असे जीव राहतात ज्यांचे घाटमाथ्याच्या जंगलात काहीच काम नाही. खाडीकाठच्या पिलूच्या झुडपांवर ‘स्मॉल सामन अरब’ या फुलपाखराचे सुरवंट वाढतात. पिलू खारट मातीत, तिवरांच्या मागच्या कोरड्या पट्ट्यात उगवतो, आणि भराव घालताना सर्वांत आधी बळी जातो तोच पट्टा. तिवरे तोडली तर निदान आरडाओरडा होतो, न्यायालयात दाद मागता येते. पिलूसाठी कोणी उभे राहत नाही, कारण त्यावर काय जगते याची नोंदच कोणाकडे नसते.

जंगल आणि बिघडलेली जमीन यांच्यात कुंपण असल्याची समजूतही तपासून पाहावी लागते. सागाची पाने खाऊन चाळण करणारा हिब्लिया प्युएरा हा पतंग जव्हार-मनोरकडच्या वनकर्मचाऱ्यांना चांगला परिचित आहे. पावसाळा सुरू झाला की सागाच्या कोवळ्या पालवीवर त्याच्या अळ्या तुटून पडतात. याच जातीच्या अळ्या मुंबई परिसरात पावसाळा सरताना तिवरांवर येतात. हिरवी झाडी काही दिवसांत तपकिरी दिसू लागते, प्रदूषणाने तिवरे मेल्याची आवई उठते आणि थोड्याच आठवड्यांत झाडे पुन्हा पालवतात. मध्यंतरीच्या काळात पक्ष्यांची चंगळ होते. अळ्यांची विष्ठा चिखलात पडून खत होते, तेही वेगळेच. आता डोंगरातला साग आणि खाडीतले तिवर यांच्यामध्ये हा पतंग ये-जा करतो, की दोन्हीकडच्या पिढ्या वेगवेगळ्या नांदतात? दोन्ही टोकांना एकाच हंगामात नोंदी घेतल्याशिवाय या प्रश्नाची उकल होत नाही. केवळ जव्हारला तळ ठोकणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळेल. आणि नवापूरच्या खाडीत उद्या तिवरे वाळली, तर ती अळीमुळे की सांडपाण्यामुळे हे सांगायलाही मागील वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतील.

दुसरे मत जास्त फसवे आहे, कारण त्याच्यामागे शास्त्राचा आधार असल्यासारखे वाटते. जोसेफ कॉनेल यांनी १९७८ मध्ये असे मांडले, की फार कमी किंवा फार जास्त उलथापालथ असलेल्या ठिकाणांपेक्षा मध्यम उलथापालथीच्या जागी जातींची संख्या सर्वाधिक असते. वर्षावने आणि प्रवाळभित्ती ही त्यांची उदाहरणे होती. वादळाने पडलेल्या झाडाची ती गोष्ट होती, रासायनिक सांडपाण्याची नव्हे. तीही सगळीकडे लागू पडत नाही. २०१३ मध्ये जेरेमी फॉक्स यांनी ही कल्पना सोडून द्यावी असेच लिहिले. त्यावर अजून वाद चालू आहे. पण कॉनेल बरोबर आहेत असे धरले तरी संख्या वाढली म्हणजे भले झाले, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

घाणेरीचे उदाहरण पुरेसे आहे. बाहेरून आलेले हे झुडूप रस्त्यांच्या कडेला, पडीक जागेत मोकाट माजले आहे. त्याच्या फुलांवर फुलपाखरांची एवढी गर्दी असते की तासाभरात यादी भरून जाते. मात्र त्याच झुडपाच्या पानांवर सुरवंट शोधायला गेल्यास इथल्या फुलपाखरांचे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. मध पिणारे पाहुणे आणि तिथे वाढणारी पिल्ले या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घाणेरीने टाकळा, रुई, पिलू यांची जागा घेतली, तर पाहुण्यांची गर्दी काही काळ टिकेल, पण त्यांची पुढची पिढी वाढायला जागा उरणार नाही. दिव्यांचेही असेच. वसाहतीतल्या प्रखर दिव्याखाली रात्री पतंग गोळा करून केलेली यादी भरघोस होते. त्यातले किती त्या जागेचे रहिवासी आणि किती लांबून प्रकाशाला भुलून आलेले, हे त्या यादीवरून कळत नाही.

घाण पाण्यावरही जीवन असतेच. कायरोनोमिड माशांच्या लालभडक अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्या तग धरतात. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा तांबूस पंखांचा चतुर नाले-गटारांच्या काठी सर्रास भेटतो. हे दोघे भरपूर आणि स्वच्छ वाहत्या पाण्यातले चतुर गायब, असे चित्र असले की एकूण आकडा कितीही असो, पाण्याचे निदान झालेले असते. संख्येवर बोट ठेवून ‘निसर्ग ठीक आहे’ म्हणणारे नेमके हेच निदान झाकतात.

या दोन मतांच्या जोडीला एक तिसरी समजूतही आहे: झाडे लावली की हिशेब चुकता झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली; बदल्यात पाचपट लागवडीचे आश्वासन होते. लागवड वाईट नव्हे. पण रोपे मोजली म्हणून त्यांच्या आधाराने जगणारे जीव आपोआप परत येत नाहीत. किनाऱ्यावरच्या सुरूकडे पाहा: वारा अडतो, सावली मिळते, नकाशावर हिरवा ठिपका उमटतो, पण सुरूच्या सुयांच्या जाड थराखाली मर्यादवेलीसारख्या वाळूतल्या वनस्पतींना जागा राहत नाही.

मग करायचे काय, याचे उत्तर मध्य अमेरिकेत मिळते. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते भागातले कोरडे जंगल गुरांसाठी जाळून-तोडून कुरण झालेले होते. पानझडीचे, उन्हाळ्यात वाळणारे ते जंगल पालघरच्या डोंगरांशी बरेच मिळतेजुळते. तिथे डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी १९७८ पासून सुरवंट पाळण्याचे काम चालवले: सुरवंट सापडला की झाडाचे नाव, जागा, तारीख लिहायची, तो वाढवायचा, पतंग निघतो की परजीवी गांधीलमाशी ते पाहायचे. या नोंदींमुळेच २००४ मध्ये, एकच समजल्या जाणाऱ्या एका फुलपाखरात दहा जाती दडल्याचे उघड झाले. जनुकीय तपासणीइतकाच वाटा ‘कोणता सुरवंट कोणत्या झाडावर’ या माहितीचा होता. जंगलही वणवे रोखून आणि गवत आवरून पुन्हा उभे राहत गेले.

वनस्पतीचे नाव सुटले की हिशेब किती चुकतो, हे टेरी अर्विन यांच्या गणितात दिसते. पनामातल्या एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून त्यांनी भुंगेरे गोळा केले आणि १९८२ मध्ये उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात असा अंदाज बांधला. त्या झाडापुरतेच बांधलेले भुंगेरे किती, हे त्यात गृहीत धरलेले होते. वोइतेख नोवोत्नी आणि सहकाऱ्यांनी न्यू गिनीत ५१ वनस्पतींवरचे कीटक प्रत्यक्ष पाहिले तेव्हा बहुतेक कीटक अनेक झाडांवर चरतात असे आढळले, आणि २००२ मध्ये तोच अंदाज चाळीस ते साठ लाखांवर आला.

कालावधीचा मुद्दा याहून निकडीचा आहे. जर्मनीतील क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षे एकाच पद्धतीने सापळे लावले. म्हणूनच २०१७ मध्ये उडणाऱ्या कीटकांचे वजन पाऊण हिश्श्याहून अधिक घटल्याचे दाखवता आले. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित न्यायाधिकरणात जावे लागले. अशा वादात नुकसान सिद्ध करायचे तर आधीची स्थिती कुठेतरी लिहिलेली असावी लागते. उत्तरेला वाढवण बंदराचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले आहे. त्याच्या परिणामांची तुलना करायला लागणारी ‘आधी’ची नोंद नंतर करता येणार नाही.

नवापूरसाठी पद्धत खर्चिक नाही. समुद्राच्या कडेपासून पूर्वेकडे सुरू, खाजण, तिवर, पिलू, भातखाचर आणि वसाहतीचा नाला ओलांडणारी एक ठरलेली वाट. तिच्यावर मिरगाच्या आधी, भर पावसात, भातकापणीच्या वेळी आणि उन्हाळ्यात तीच निरीक्षणे. प्रत्येक कीटकासमोर तो कोणत्या वनस्पतीवर, कोणत्या अवस्थेत आणि काय करताना दिसला हे रकाने. या नोंदी ठेवायला जागाही आहे: जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. सध्या या वह्यांत झाडांची आणि जनावरांची नावे भरली जातात आणि कीटकांच्या वाट्याला, आलेच तर, पिकावरची कीड म्हणून एखादी ओळ येते. खाडीत रोज जाणाऱ्यांना आणि शिंदीवर चढणाऱ्यांना यातले बरेच आधीच ठाऊक असते. ते ज्या नावांनी ओळखतात ती नावे शास्त्रीय नावांशेजारी त्याच रकान्यात लिहिली पाहिजेत.