लिंग ओळखा

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला: पुढील शब्दांचे लिंग ओळखा. तो फळा, ती वही, ते पुस्तक. गुण खिशात, आणि वर्गात कुणी हसत नाही. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर लांबच लांब रांग लागते. शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 च्या सुमाराचा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. गाभारा जमिनीच्या पातळीखाली. पायऱ्या उतरायच्या आणि लिंगाचं दर्शन घ्यायचं. तिथेही कुणी हसत नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांतून शाळेत जाणारी मुलं सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची पाटी रोज वाचतात: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. हाच शब्द विज्ञानाच्या तासाला आला की मात्र मागच्या बाकावर खोकल्याची साथ येते.

आमच्या वर्गात प्रजननाचा धडा आला तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "सोपा आहे, घरी वाचून या," म्हणाले आणि डोळ्याची रचना दुसऱ्यांदा शिकवली. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, हेच ऐकवेल. घरी वाचला तर आई विचारायची, काय वाचतोयस रे एवढं मन लावून?

गेल्या शंभर वर्षांकडे पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. लैंगिक शिक्षण हा विषय महाराष्ट्रात आपल्या पायांनी वर्गात आलाच नाही. दर वेळी कुठल्या तरी भीतीने त्याला हाताला धरून आणलं, आणि भीती ओसरली की बाहेर नेऊन बसवलं.

अपवाद एकच, आणि तो शाळेच्या बाहेरचा. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्या मतांपायी नोकरी गेली, आणि जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. ते 1953 पर्यंत, म्हणजे ते स्वतः जाईपर्यंत, चाललं. कर्व्यांचं वेगळेपण असं, की त्यांना या विषयासाठी कुठलंच निमित्त लागत नव्हतं. शरीर आहे, म्हणून त्याची माहिती हवी, एवढं कारण त्यांना पुरे होतं. वाचक प्रश्न विचारत, ते गणितज्ञाच्या कोरडेपणाने उत्तर देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 च्या त्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. ज्यांनी दंड केला त्यांचं म्हणणं काय होतं ते सांगायला नको, आजही पालकसभेत ऐकू येतं.

स्वातंत्र्यानंतर पहिली भीती आली लोकसंख्येची. भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, आणि पुस्तकातलं प्रजनन 'लोकसंख्या शिक्षण' या सोज्वळ नावाखाली येऊ लागलं. मुलांना आधी कळलं की मुलं फार होऊ देऊ नयेत. ती होतात कशी, ते नंतर.

इथे थोडं विषयांतर करतो. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणच्या लष्करी छावणीत सोय झाली होती; 8 ऑगस्ट 1949 ला तिचं उल्हासनगर झालं. उल्हासनगरातलं मूल घरी सिंधी बोलतं, गल्लीत हिंदी. दोन्ही भाषांत लिंगं दोनच. मराठीच्या तासाला त्याला तिसरं भेटतं आणि ते चक्रावतं. मराठीत बाळ 'ते', मूल 'ते', पोर 'ती' किंवा 'ते', जसं बोलणाऱ्याला वाटेल तसं. जन्मलेल्या जिवाला लगेच तो किंवा ती म्हणायची घाई आमच्या भाषेने केलेली नाही. माणसांनी केली.

दुसरी भीती एड्सची. त्यासाठी केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, आणि 2007 मध्ये ज्या राज्यांनी तो नाकारला त्यांत महाराष्ट्रही होता. कर्व्यांचा महाराष्ट्र, हे वेगळं सांगायला नको. आक्षेप चित्रांवर होता, शब्दांवर होता, संस्कृतीवर तर होताच. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असं म्हटलं.

तिसरी भीती मुली घटत चालल्याची, आणि ती या दोन्हींहून खरी होती. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या. 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. आणि हे कुठे? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यांत आधी, 1988 मध्ये, कायदा करणाऱ्या राज्यात.

बदलापूरकडे ज्यांच्या परसात पपई आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पपईत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि दोन्ही प्रकारची इंद्रियं एकाच फुलात असलेलं तिसरं झाडही असतं. नुसतं रोप बघून काही कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं येईपर्यंत पाणी घालत थांबायचं. लांब दांड्यांवर लोंबणारे बारीक फुलांचे घोस दिसले की ते नर, ते उपटायचं. माळी फुलं येईपर्यंत थांबतो. आपण सोनोग्राफीच्या पडद्यापाशीही थांबलो नाही, आणि उपटल्या त्या मुली.

या भीतीने मात्र पुस्तकाला एक चांगली गोष्ट दिली. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या धड्यात, मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं असं आता विद्यार्थ्याला कारणासह लिहावं लागतं. आईकडून नेहमी एक्स. बापाकडून एक्स किंवा वाय. दुसऱ्यांदा मुलगी झाली म्हणून ज्या घरात सुनेला ऐकवलं जातं, त्याच घरात नात हे उत्तर पाठ करत बसलेली असते. मोठ्याने पाठ करत असेल तर उत्तमच.

पण ज्या कामासाठी बोलावलं तेवढंच काम करून हे वाक्य थांबतं. वाय गुणसूत्राचा लिंगाशी संबंध अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स या बाईंनी 1905 मध्ये दाखवला, आणि तोही पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासून. डब्यातलं पीठ चाळताना आई ज्यांना नावं ठेवते त्यांच्याच कुळातले ते. नरात एक गुणसूत्र आखूड निघालं, आणि अर्ध्या शुक्रपेशींत तेच जातं असं दिसलं. ही गोष्ट वर्गात सांगायला पाच मिनिटं लागतात आणि कुणाचे कान लाल होत नाहीत. मग कोंबडीकडे जावं: तिथे सगळं उलटं, नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यातल्या गुणसूत्रावर ठरतं, कोंबड्याच्या नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे गुणसूत्रांचा प्रश्नच नाही, वाळू किती तापली यावर ठरतं, जास्त उष्णतेत माद्या अधिक. निसर्गात समान धागा एवढाच की एक बीजपेशी मोठी, अन्नसाठा घेऊन थांबणारी. दुसरी चिमुकली, धावणारी. मोठी बनवण्याच्या बाजूने ज्याची घडण ती मादी, छोटीच्या बाजूने तो नर. बाकी दाढी, आवाज, शिंगं, पिसारा सगळं त्यानंतरचं. हे पहिल्या तासाला सांगितलं तर पुढचे तास सोपे जातात. पण या वाक्याला कुठली भीती नाही, म्हणून ते आणायला कुणी धावलं नाही.

आणि सगळी शरीरं दोन रकान्यांत चोख बसत नाहीत, हेही जीवशास्त्रच सांगतं. नववीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात टर्नर आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोम येतात, एक एक्स कमी किंवा एक जास्त, विकृतींच्या यादीत आणि नावं लक्षात ठेवायच्या बेताने. गुणसूत्रं एक्स-वाय असूनही जन्मतः शरीर मुलीचं दिसू शकतं, कारण वायवरचा एक जनुक चालू व्हावा लागतो आणि त्याने सुरू केलेल्या संप्रेरकांचं म्हणणं पेशींनी ऐकावंही लागतं. तो जनुक 1990 मध्ये सापडला. आपल्या बीड जिल्ह्यात मुलगी म्हणून वाढलेल्या एका पोलीस कर्मचाऱ्याच्या तपासणीत वाय गुणसूत्र निघालं आणि 2018 मध्ये मुंबईच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा राज्यभर बातम्या छापून आल्या. त्या वाचून कळायला लागणारं सगळं विज्ञान शालेयच आहे. तरी बहुतेकांनी ती बातमी चमत्कार म्हणून वाचली. माझ्या मते स्त्री-पुरुष हे दोन मार्ग ठामपणे शिकवणं आणि वाटेत काहींची घडण वेगळी होते हे सांगणं, यांत भांडण नाही. भांडण लावतात ते एकच अर्धं शिकलेले.

चौथी भीती बदलापूरची. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याकडून शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. गुन्हा नोंदवायला तासन्‌तास लावले म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांतल्या सुरक्षेसाठी समिती नेमली. कॅमेरे, ओळखपत्रं, चारित्र्यपडताळणी, सगळं बोललं गेलं आणि ते हवंच होतं. चांगला स्पर्श, वाईट स्पर्श यांचे तक्ते भिंतींवर लागले.

त्या तक्त्यांपैकी एखाद्यापुढे जरा उभं राहून पाहावं. बाहुलीच्या चित्रावर छातीशी आणि मांड्यांमध्ये लाल फुली असते. फुलीखाली नाव नसतं. इथे कुणी हात लावला तर ओरड, आईला सांग. काय म्हणून सांगायचं? चार वर्षांची मुलगी नाक दुखलं तर नाक म्हणते, गुडघा दुखला तर गुडघा. इथे ती 'शूची जागा' म्हणते, दुसऱ्या घरात आणखी काही, तिसऱ्या घरात शेम-शेम. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्याला त्यातून काय कळावं? आणि शेम-शेम हा शब्द शिकवला कुणी, ते सांगायला पालकांनी आरशात पाहावं.

पुढे ही मुलगी पहिलीत जाते, पाचवीत जाते. मराठीच्या पेपरात लिंग ओळखते. सहावी-सातवीत कधीतरी मुलींना एका खोलीत बोलावून नॅपकिनची पाकिटं वाटली जातात, आणि मुलगे मैदानावरून विचारत येतात, तुम्हाला काय सांगितलं गं? कुणी सांगत नाही. मग दहावीत स्त्री प्रजनन संस्थेची नामनिर्देशित आकृती येते: अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, योनी. शिशुवर्गात फुली मारून दाखवलेली जागा तिला पुस्तकात नावानिशी भेटते ती अशी, बाणाच्या टोकाशी, परीक्षेत अर्धा गुण मिळवून देणारी. तोही सरांनी धडा घरी वाचायला सांगितला नसेल तर.