हिमनदीच्या भेटीला, होडीतून

बर्फ पाहायचा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनाली किंवा गुलमर्ग येते. भाड्याचे कोट, गमबूट, बर्फाचे गोळे आणि भरपूर फोटो. पण होडीत बसून, घराएवढ्या निळ्या हिमनगांमधून फिरण्याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरील योकुलसार्लोन सरोवरात हे करता येते. युरोपच्या सहलीसाठी पैसे साठवत असाल तर हे ठिकाण यादीत जरूर ठेवा. फक्त जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या. तेथील सौंदर्य आणि तेथील धोका, दोन्हींचे मूळ एकच आहे.

पणजोबांच्या काळात नसलेले सरोवर

वात्नायोकुल हे बर्फाचे अवाढव्य आवरण आइसलँडचा सुमारे ८ टक्के भाग व्यापते. त्यातून निघालेली एक हिमनदी पूर्वी जवळजवळ समुद्रापर्यंत पोहोचत असे. हवामान उबदार होऊ लागले तशी ती मागे सरकली. तिने कोरलेल्या खोल खड्ड्यात पाणी साचले आणि १९३४-३५च्या सुमारास हे सरोवर दिसू लागले. १९७५ मध्ये ते साधारण ८ चौरस किलोमीटर होते. आज ते त्याच्या दुपटीहून मोठे झाले आहे. खोली २४० मीटरपेक्षा जास्त आहे.

हिमनदीच्या टोकाचे कडे तुटून या पाण्यात पडतात आणि हिमनग बनून तरंगतात. काही पांढरे, काही गडद निळे. बर्फावर बर्फाचा दाब पडून आतली हवा निघून गेली की तो प्रकाशातील लाल रंग शोषून घेतो, म्हणून आपल्याला निळा दिसतो. त्यावरच्या काळ्या रेघा म्हणजे जुन्या ज्वालामुखींची राख. हिमनग विरघळून लहान झाले की छोट्याशा नदीतून समुद्रात जातात. लाटा त्यांचे तुकडे काळ्या वाळूवर आणून टाकतात. तेथे ते उन्हात चमकतात, म्हणून त्या किनाऱ्याला ‘डायमंड बीच’ म्हणतात.

कोणती होडी निवडाल?

लहान मुले किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर चाके असलेली मोठी होडी घ्या. ती काठावर ट्रकसारखी चालते आणि थेट पाण्यात उतरते. फेरी अर्ध्या तासाहून थोडी जास्त असते. गाइड पाण्यातून बर्फाचा तुकडा उचलून हातात देतात. तो शेकडो वर्षे जुना असू शकतो!

हिमनदीच्या कड्याकडे जायचे असेल तर झोडियाक ही वेगवान रबरी होडी आहे. तिची फेरी सुमारे एक तासाची असते.

शांतता हवी असेल तर कयाक. इंजिन नसल्यामुळे बर्फ तडकल्याचा आवाज ऐकू येतो. एखादा सील डोके वर काढून तुमच्याकडे पाहतही राहील. कयाकची सहल उन्हाळ्यातच होते. झोडियाक आणि कयाकसाठी वयाची अट असते. ती बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

दिसतो तेवढाच नसतो

हिमनगाचा साधारण ९० टक्के भाग पाण्याखाली असतो. तो खालून विरघळत राहतो, तोल बदलतो आणि काही सूचना न देता हिमनग उलटतो. जवळ असलेली कयाक त्याच्यासोबत उलटू शकते. म्हणून गाइड अंतर ठेवायला सांगतात, तेव्हा ‘एकच फोटो’ म्हणून हट्ट करू नका. मार्च २०१९ मध्ये याच हिमनदीचा मोठा कडा कोसळला. पाण्यात उठलेली लाट पाहून काठावरच्या पर्यटकांना धावत उंच जागी जावे लागले होते.

दुसरा धोका पाण्याचा. ते गोठणबिंदूच्या जवळपास असते. त्यात पडल्यावर श्वास एकदम अडखळतो आणि काही मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. उत्तम पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा :

• कयाकिंग गाइडसोबतच करा. दिलेला पाणी न शिरणारा सूट आणि लाइफ जॅकेट शेवटपर्यंत काढू नका.
• आत जीन्स किंवा सुती कपडे घालू नका. ते ओले झाले की अंग गार पडते. लोकरीचे कपडे उत्तम.
• काठाजवळ तरंगणाऱ्या बर्फावर फोटोसाठी कधीही चढू नका. मुलांचा हात धरून ठेवा.
• रेक्याविकहून हे अंतर सुमारे ३७० किलोमीटर, म्हणजे गाडीने साधारण पाच तास आहे. जवळ एक रात्र मुक्काम ठेवा. जोराचा वारा असेल तर फेऱ्या रद्द होतात.
• व्हिसा शेंगेनचा लागतो. शाकाहारी असाल तर वाटेसाठी खाकरा, चिवडा सोबत असू द्या.

फोटोपलीकडे

होडीत बसलात की मुलांना एवढे नक्की सांगा, की आपण ज्या पाण्यावर आहोत तेथे पूर्वी बर्फ होता. हिमनदी वितळली नसती तर हे सरोवर नसते आणि ही सहलही नसती. आपल्या हिमालयातही हिमनद्या मागे सरकून अशीच सरोवरे तयार होत आहेत. तेथे मात्र त्यांच्या खाली गावे वसलेली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक सरोवर फुटले, तेव्हा तीस्तेला आलेल्या पुरात अनेक जीव गेले आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले.

मग जायचे की नाही? जा. पण घाईत नाही. एका देशात चार दिवस जास्त राहा आणि धावपळ कमी करा. काठावर कचरा टाकू नका. होडीत पाच मिनिटे मोबाइल खिशात ठेवून फक्त बर्फाचा आवाज ऐका. काठापासून हिमनदीचे अंतर वर्षागणिक वाढत चालले आहे. तुमच्या मुलांनी तो आवाज एकदा तरी जवळून ऐकलेला असू द्या.