थट्टेची खतावणी



रामदासपेठेतील सदनिकांमध्ये राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांची दुकाने अजूनही इतवारीत, गांधीबागेत किंवा सराफ्यात आहेत. दिवस दुकानात जातो, आणि सर्वांनी एकत्र बसण्याची वेळ म्हणून रविवारचे जेवण तेवढे उरते. त्या जेवणात बहुतेक घरी कोणा एकाची थट्टा चालते, आणि पुष्कळदा ती थट्टा घरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची असते. या वेळच्या लेखात त्या मुलीविषयी लिहावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण मात्र परदेशातील घेत आहे, कारण आपली तरुण मुले ते मोबाईलवर पाहतात आणि वडीलधाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ३१ जानेवारी १९९९ रोजी ‘फॅमिली गाय’ ही व्यंगचित्र-मालिका सुरू झाली. तिचे जनक सेथ मॅकफार्लेन. चित्रे हलतात म्हणून ती लहान मुलांची असेल, असा समज कोणी करून घेऊ नये. तिची भाषा व प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत, आणि आपल्या घरात ती चालावी अशी शिफारस मी करणार नाही. ऱ्होड आयलंड राज्यातील क्वाहॉग नावाच्या काल्पनिक गावात ग्रिफिन कुटुंब राहते. वडील पीटर, आई लोईस, मुलगा ख्रिस, बोलणारे तान्हे बाळ स्ट्युई, बोलणारा कुत्रा ब्रायन, आणि थोरली मुलगी मेग. डोक्यावर गुलाबी टोपी व डोळ्यांवर चष्मा असलेली ही मेग शाळेत कोणाला नको असते, आणि घरात त्याहूनही नको असते. तिने तोंड उघडले की तिला गप्प बसवायचे, तिच्या रूपावर बोलायचे, तिचा वाढदिवस विसरायचा, हा मालिकेतील नेहमीचा विनोद आहे. वडिलांनी तिच्या जन्मदाखल्यावर एका यंत्रमानवाचे नाव लिहून ठेवले, असाही एक प्रसंग त्यात आहे. तिचा अपराध काय, हे शोधू गेल्यास काहीच सापडत नाही. ती अपराधी नसतानाही तिला टोचले जाते, हेच तिथे हसण्याचे कारण आहे.

या मालिकेचा एक भाग २ ऑक्टोबर २०११ रोजी प्रसारित झाला. वादळामुळे सारे कुटुंब घरात अडकलेले असते. वेळ जात नाही, म्हणून पुन्हा मेगची टिंगल सुरू होते. त्या दिवशी मात्र तिचा संयम संपतो. ती भावाला, आईला व वडिलांना त्यांनी तिच्याशी केलेल्या वागणुकीचा हिशोब एकेक करून ऐकवते. तिचे म्हणणे खोडून काढणे कोणालाच जमत नाही. पण यानंतर जे घडते, ते अधिक विचार करण्यासारखे आहे. मेगला बोलण्याची सोय संपताच घरातील माणसे एकमेकांवर तुटून पडतात. इतके दिवस तिच्यावर निघणारा राग आता जो समोर येईल त्याच्यावर निघू लागतो. ते पाहून मेग आपले शब्द मागे घेते आणि पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन बसते. इमारतीवर पडणारी वीज स्वतःवर घेऊन जमिनीत सोडणारी धातूची सळई असते ना, तशी या घराला एक सळई हवी आहे आणि ती आपण व्हावे, असे तिने ठरवलेले असते.

अनेक प्रेक्षकांना हा शेवट रुचला नाही, आणि ते योग्यच होते. तरीही कुटुंबातील एक रीत त्यात नेमकी दिसते. ज्या घरात पती-पत्नींचे पटत नाही, भावाभावांत दुकानाच्या वाटणीवरून कुरबूर आहे, उधारी अडकली आहे, पण यांपैकी कशावरही उघड बोलता येत नाही, त्या घरात तो सारा ताण कोठेतरी बाहेर पडू पाहतो. ज्याच्याकडून उलट उत्तर येण्याची भीती सर्वांत कमी, त्याच्याकडे तो वळतो. सून नवी असेल तर सुनेकडे, आणि ती नसेल तर वयात येणाऱ्या मुलीकडे. तिच्या थट्टेवर सारे घर हसते आणि तेवढ्या वेळापुरते एकत्र असल्यासारखे वाटते.

आपण व्यापारी माणसे आहोत, म्हणून हीच गोष्ट खतावणीच्या भाषेत मांडतो. या व्यवहारात हसू प्रत्येकाच्या खाती जमा होते, आणि नावे मात्र सगळी रक्कम एकाच खात्यावर पडते. किर्द दररोज लिहिली जाते, पण खतावणी कोणी मांडत नाही, त्यामुळे त्या एका खात्यावर किती येणे साचले आहे हे कोणालाच कळत नाही. ते कळते ते एखाद्या दिवशी, जेव्हा मुलगी दार लावून घेते, जेवणाला येत नाही, किंवा दूरच्या शहरातील महाविद्यालयात जाते आणि सुटीतही घरी येण्याचे टाळते.

योगायोग असा, की मालिकेचा हा भाग दाखवला गेला त्याच महिन्यात, २२ ऑक्टोबर २०११ रोजी, आपल्या महाराष्ट्रात सातारा येथे एक समारंभ झाला. त्या जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशी नावे असलेल्या सुमारे २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. मुलाची वाट पाहत असता मुलगी झाली म्हणून आई-बापांनी ते नाव ठेवले होते. शाळेच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर आणि मैत्रिणींच्या तोंडी रोज तेच नाव होते. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने त्यांना नव्या नावांची प्रमाणपत्रे मिळाली. कोणी अभिनेत्रीचे नाव निवडले, कोणी देवीचे. जन्मदात्यांनी दिलेली जखम पुसण्यासाठी सरकारी शिक्का लागला, यावरून ती किती खोल होती हे समजावे.

‘आमच्याकडे असली नावे ठेवत नाहीत’, असे आपण लगेच म्हणू. नावे ठेवत नाही हे खरे, पण दुसरे काही आकडे समोर ठेवणे भाग आहे. २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के होती, म्हणजे देशातील सर्व धर्मसमूहांत सर्वाधिक. त्याच जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे आपल्यातील मुलींची संख्या होती अवघी ८७०. देशाचा आकडा होता ९२७. शीख समाज वगळता आपल्याइतका कमी आकडा कोणत्याही मोठ्या धर्मसमूहाचा नव्हता. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ पर्यंत आला, तरीही देशाच्या सरासरीच्या मागेच राहिला. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला राज्य कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या समाजाचे हे आकडे आहेत. ते वाचून मान खाली जाते.

ज्या मुली या आकड्यांच्या पलीकडे येऊन जन्मल्या, वाढल्या आणि आज आपल्या पानावर बसून जेवतात, त्यांच्या वाट्याला काय येते? कागदावर नाव पूर्वा किंवा रिद्धी असते, आणि घरातील हाक असते ‘जाडी’, ‘काळी’ किंवा ‘चष्मिश’. ‘हिच्यासाठी हुंडा जास्त मोजावा लागणार’ हे वाक्य हसत हसत उच्चारले जाते. लहान भावाने दुकानात बसून काढलेले मत ऐकून घेतात, आणि हिने हिशोबातील चूक दाखवली तर ‘तू अभ्यास कर’ असे सांगतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरी रोज सांजसकाळ एकच गोष्ट ऐकणाऱ्या मनाला हेतू दिसत नाही, शब्द तेवढे ऐकू येतात.

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला बालपणापासून पाठ आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील चौथा अतिचार शिकवताना उदाहरण बैलाचे देतात, आणि त्याच्या पाठीवर पेलवेल त्याहून अधिक ओझे लादू नये असे सांगतात. बैलगाड्या आता आपल्या दारात नाहीत, म्हणून हा अतिचार आपल्याकडून घडतच नाही अशी आपली समजूत झाली आहे. परंतु साऱ्या घराची चीड, निराशा आणि कंटाळा एका चौदा वर्षांच्या मुलीने वाहावा, हे अतिभारारोपण नाही तर दुसरे काय आहे? जीव पंचेंद्रिय आहे, आणि ओझे तिच्या शक्तीबाहेरचे आहे.

चंदनबालेची कथा आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. श्वेतांबर परंपरेतील कथेप्रमाणे चंपानगरीची राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली जाते आणि धनावह श्रेष्ठी तिला घरी आणून मुलीसारखे वाढवतो. त्याची पत्नी मूला मत्सराने पेटते. श्रेष्ठी बाहेर गेला असता ती मुलीचे केस कापून टाकते, पायांत बेड्या घालते आणि तिला कोंडून ठेवते. तीन दिवस ती मुलगी उपाशी असते. पुढे सुपातील उडदाचे बाकळे, पाच महिने पंचवीस दिवसांच्या उपवासानंतर दारी आलेले भगवान महावीर, आणि छत्तीस हजार साध्वींच्या प्रमुख झालेल्या चंदना, हा भाग सर्वांनाच ठाऊक आहे.

या कथेत मूलेकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. पण कथा एका व्यापाऱ्याच्या घरातील आहे, आणि त्या घरात नोकरचाकर होते. मुलगी कोठे कोंडली आहे हे त्यांना माहीत होते. मूलेच्या भीतीने ते गप्प राहिले, आणि अखेर एका वृद्ध दासीने तोंड उघडले तेव्हा धनावहाला कळले. धनावह स्वतः सज्जन होता, मुलीवर त्याची माया होती, परंतु त्याच्या पाठीमागे घरात काय चालते याकडे त्याचे लक्ष नव्हते. आपल्यातील बहुतेक पुरुष मूलेसारखे नसतात, ते धनावहासारखे असतात. दुकानात, दौऱ्यावर, मोबाईलवर. आणि आपल्या घरातील आजी, काका, मोठा भाऊ त्या नोकरांसारखे असतात. त्यांना थट्टा रुचत नाही, पण जेवताना वाद कशाला, म्हणून तेही हसतात.

येथे कोणी म्हणेल, थट्टा बंद झाली तर घराचे स्मशान होईल. ते खरे आहे, आणि थट्टा बंद करा असे कोणी सांगत नाही. प्रेमाची थट्टा कोणती आणि ओझे कोणते, हे पाहण्याची रीत सोपी आहे. थट्टा घरात फिरती आहे का? आज वडिलांची, उद्या भावाची, परवा आजोबांची होते का? मुलीने वडिलांच्या वाढलेल्या पोटावर तीच कोटी केली, तर ती हसून घेतली जाते की तिला उद्धट ठरवले जाते? ज्या गोष्टीत तिला बदल करता येत नाही, जसे रंग, उंची, चेहरा, तोतरे बोलणे, त्यावरच ती थट्टा बेतलेली असते का? या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे काढली, की खतावणी आपोआप मांडली जाते.

मग काय करावे? पहिली गोष्ट, घरातील एका मोठ्या माणसाने, शक्य तर वडिलांनीच, थट्टा सुरू होताच ‘पुरे’ म्हणावे. तिच्या आईने किंवा तिने स्वतः म्हटले तर ‘हिला विनोद कळत नाही’ म्हणून आणखी हसतात, पण वडिलांच्या एका शब्दाने घर थांबते. दुसरी गोष्ट, घरातील राग ज्याचा त्याने ज्याच्यावर आहे त्याच्याशीच बोलून मिटवावा. भावाशी दुकानाचा वाद असेल, तर तो दुकानाच्या गादीवर बसून सोडवावा. तिसरी गोष्ट, तिचे म्हणणे ऐकावे. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्याने, जो जैनांनाही लागू आहे, मुलीला जन्मतःच मुलाइतका वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायक हक्क दिला आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. एकत्र कुटुंबाचे विवरणपत्र भरणाऱ्या आपल्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. जी कायद्याने भागीदार आहे, तिला घरातील निर्णयात एक वाक्य बोलू द्यायला हरकत कोणती?

मुलगी फार दिवस अबोल असेल, खाणेपिणे सोडत असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते नखरे समजू नयेत. तज्ज्ञाकडे न्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक दोन्ही विनाशुल्क आहेत. समाजात काय म्हणतील याचा विचार अशा वेळी बाजूला ठेवावा.

संवत्सरीच्या दिवशी आपण देशोदेशींच्या आप्तेष्टांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ असे संदेश पाठवतो, पेढीवरील माणसांना हात जोडतो, ज्यांना वर्षभर भेटलोही नाही त्यांचीही क्षमा मागतो. या वर्षी ती यादी करताना सर्वांत वर आपल्या मुलीचे नाव लिहावे. मोबाईलवरून नव्हे, समोर बसून, आणि कशाबद्दल क्षमा मागतो आहोत ते नेमके सांगून. ती कदाचित रडेल, कदाचित काहीच बोलणार नाही. तिला घाई करू नये. येणे बरेच दिवसांचे आहे, ते फिटायला वेळ लागेल.